पॅनेल धुता, पण कोणत्या पाण्यानं?

आमच्या सोलर ग्राहकांसाठी माहितीपत्रक (सोलापूर शहर आणि परिसर)

होळी झाली की आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात: “युनिट कमी पडायला लागलेत, इन्व्हर्टर बघून जा.” आमचा माणूस जातो, इन्व्हर्टर बघतो, वायरी तपासतो, सगळं ठीक असतं. मग गच्चीवर चढून पॅनेलच्या काचेवर हात फिरवतो, तर बोटांना खरखरीत लागतं. घरातले म्हणतात, “अहो, आम्ही तर दर रविवारी धुतो.” धुतात हे खरंच आहे. पण बोरच्या पाण्यानं, आणि तेही जेवणं उरकल्यावर, भर उन्हात.

या एका चुकीपायी तुमची वीज जाते, आमचे दिवस जातात, आणि तुमचा नाहक समज होतो की माल हलका निघाला. म्हणून हे पत्रक. पॅनेल, इन्व्हर्टर, नेट मीटर म्हणजे काय ते बसवताना सांगून झालं आहे, ते इथं परत सांगत नाही.

बोरचं पाणी काचेला काय करतं

सोलरची वीज घरोघरी येण्याआधी आम्ही सोलर बंब बसवायचो. ज्यांच्याकडे बंब आहे त्यांना माहीत असेल, आपल्या भागात बोरचं पाणी घातलं की दोन-तीन वर्षांत काचेच्या नळ्यांच्या तळाशी पांढरे खडे साचतात. नळी उपडी केली की मूठभर निघतात. हेच क्षार तुम्ही पॅनेलवर ओतता. फरक इतकाच, की बंबात ते आत बसतात आणि इथं काचेवर, जिथून ऊन आत जायचं असतं.

आमचा माणूस खिशात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र, ठेवतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार ही योग्य मर्यादा धरली आहे. दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत. आपल्याकडच्या बोरला हा आकडा हजाराच्या पुढे दिसला तर आम्हाला नवल वाटत नाही. पाणी मचूळ लागत असेल तर मीटरचीही गरज नाही. असं पाणी काचेवर वाळलं की पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. दुपारी काच इतकी तापलेली असते की हात टेकवत नाही. पाणी ओघळायच्या आतच वाळतं, आणि प्रत्येक थेंबाचा एक पांढरा गोल उमटतो. पुढच्या रविवारी त्यावर दुसरा.

हा थर थोडं ऊन अडवतोच, पण खरा त्रास पुढे आहे. गुळगुळीत काचेवरची धूळ वाऱ्यानं, दवानं, पावसाच्या सरीनं बरीचशी निघून जाते. खरखरीत काचेवर ती धरून बसते. मग तुम्ही जास्त वेळा धुता, आणि थर आणखी चढतो.

सगळ्यात वाईट पाणी मात्र बोरचं नाही. जुळे सोलापुरातल्या एका काकांनी आम्हाला मोठ्या अभिमानानं दाखवलं होतं: स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी ते पिंपात साठवत आणि त्यानं पॅनेल धूत. पाणी वाचवायची तळमळ मनापासूनची होती, तिला आम्ही नमस्कारच करतो. पण फिल्टर गोड पाणी तुमच्या हंड्यात देतो आणि काढलेले सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात ढकलतो. म्हणजे ते बोरच्या पाण्याहूनही जड. त्यांच्या ३ किलोवॅटच्या सिस्टीमनं एप्रिलच्या स्वच्छ उन्हात दिवसाला १४ युनिट द्यायला हवे होते, ती साडेदहावर आली होती. ते पाणी फरशीला, गाडी ठेवायच्या जागेला वापरा. पॅनेलला नको.

मग कोणतं पाणी?

नळाचं साठवलेलं पाणी चांगलं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे आम्हालाही भोगावं लागतं, म्हणून पाइप लावून गच्ची भिजवा असं आम्ही सांगतच नाही. सहा पॅनेलना दोन बादल्या पुरतात. एसी असेल तर त्याच्या नळीखाली बादली ठेवा. ते हवेतलं ओलाव्याचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतातच, शेवटी विसळायला त्याच्याइतकं उत्तम दुसरं नाही. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप भरून ठेवलं तर तेही तसंच. बोरशिवाय इलाजच नसेल तर पहाटे धुवा आणि एक थेंबही काचेवर वाळू देऊ नका, लगेच रबरी वायपरनं ओढून घ्या.

धुण्याची रीत

वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आधी. दवानं पक्ष्यांची विष्ठा आधीच मऊ झालेली असते, काच गार असते, आणि तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं: इन्व्हर्टर बंद केला, स्विच पाडला, तरी उजेड आहे तोवर पॅनेल आणि त्याच्या वायरींत वीज असतेच. सहा पॅनेलच्या माळेत ती दोनशे व्होल्टच्या वर जाते. काच तडकलेली दिसली, किंवा खारीनं वायर कुरतडलेली दिसली, तर पाणी न लावता आम्हाला कळवा.

आधी कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका. मग लांब दांडीच्या मऊ मॉपनं, वरून खाली, पाणी लावत या. भांड्यांचा साबण नको, तारेची घासणी तर अजिबात नको. काचेवर चकाकी कमी करणारा एक पातळ लेप असतो, तो ओरखडला की परत येत नाही. गाड्या धुवायचं प्रेशर मशीनही नको. आणि पॅनेलवर पाय ठेवू नका, मूलही चढवू नका. वरून काही दिसत नाही, पण आतले सेल (वीज तयार करणाऱ्या पातळ चकत्या) केसाइतके तडकतात आणि ते दोन-तीन वर्षांनी समजतं.

आता खालच्या कडेबद्दल. पॅनेल आम्ही दक्षिणेकडे उतरती बसवतो, त्यामुळे धुतलेली माती ओघळत खाली येते आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीशी अडते. तिथं दोन बोटं रुंदीची मातीची पट्टी तयार होते. बाकी पॅनेल आरशासारखं, म्हणून कुणी तिकडे बघत नाही. पण पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. जोडीतला एक बैल थकला की दुसरा कितीही ताकदीचा असो, गाडी थकलेल्याच्या चालीनं जाते. तसंच हे आहे. खालच्या ओळीतल्या सेलांचा थोडा भाग झाकला तरी त्यांच्याशी जोडलेल्या सगळ्यांची वीज उतरते. ही पट्टी मोठ्या पावसानंही जात नाही. मॉप तिथं आडवा फिरवा, कोपऱ्यांत फडकं घाला. अख्खं पॅनेल धुवायला पाणी नसेल त्या दिवशी नुसती ही कड पुसली तरी फरक दिसेल.

धुतल्यावर सकाळी इन्व्हर्टरवर इन्सुलेशनचा एरर दिसला तर घाबरू नका. ओलाव्यानं तसं होतं, वाळलं की जातो. दुपारपर्यंत गेला नाही तर मात्र लगेच फोन करा.

कधी धुवायचं

दर रविवारी धुवायची गरज नाही. आपल्याकडे पाऊस कमी, पण जून ते सप्टेंबर जो पडतो तो बरंचसं काम करतो. दिवाळीनंतर एकदा, फटाक्यांची राख आणि जळके तुकडे काढायला. संक्रांतीनंतर मांजा अडकलाय का तेवढं बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची मळणी चालते, कडुनिंबाची पानगळ असते, तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा. गावकुसाला, शेताजवळ घर असेल तर दहा दिवसांनी.

मेमध्ये वळवाचा पाऊस येतो त्याकडे लक्ष ठेवा. आधी वावटळ धूळ आणून टाकते, मग चार थेंब पडतात आणि थांबतात. “पाऊस पडला, पॅनेल धुतली गेली,” असं वाटतं. प्रत्यक्षात धुळीचा चिखल होऊन काचेवर ठिपके बसलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी कडक उन्हात भाजून निघतात. अशा पावसानंतरची पहाट चुकवू नका.

एक वही ठेवा. इन्व्हर्टरवर दिवसभराचे युनिट दिसतात, ते आठवड्यातून एकदा, निरभ्र दिवशी, लिहा. किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास धरा, उन्हाळ्यात जास्त, ढगाळ दिवसांत कमी. धुण्याच्या आदल्या दिवसाचा आकडा आणि नंतरच्या दिवसाचा आकडा शेजारी शेजारी लिहिला की तुमच्या घराला किती दिवसांनी धुवायला हवं ते वहीच सांगेल. ३ किलोवॅटच्या सिस्टीमची दहा टक्के वीज गेली तर महिन्याला साधारण ३६ युनिट होतात. ते तुमच्या बिलातल्या दरानं गुणून बघा.

थर आधीच चढला असेल तर

बाजारात मिळणारं संडासाचं ॲसिड वापरू नका. दोन घरांत आम्ही त्याचा परिणाम पाहिला आहे, ॲल्युमिनियमची चौकट काळी पडून खाल्ली गेली. थर कोवळा असेल तर पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून मऊ फडक्यानं लावा, काही मिनिटं थांबा, गोड्या पाण्यानं नीट धुवा. जुना, पांढराफटक झालेला थर असेल तर आम्हाला बोलवा. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि त्याचे आम्ही पैसे घेतो.

“पाच वर्षांची देखभाल तुमच्याकडे आहे ना, मग पैसे कसले?” असं आम्हाला विचारलं जातं, आणि विचारणं रास्त आहे. बिघाड, वायरिंग, इन्व्हर्टर, सैल झालेले नट-बोल्ट, हे सगळं देखभालीत येतं आणि त्यासाठी आम्ही एक रुपया घेतलेला नाही. धुणं घरच्यांनी करायचं, हे करारात लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळू लागलं, आणि गच्च्या भराभर पॅनेलनी भरल्या. माणसं आमच्याकडे तेवढीच आहेत. बिघाड झालेल्या घरी त्याच दिवशी पोचायचं असेल तर क्षार खरवडायला फुकट माणूस पाठवणं आम्हाला जमत नाही.

वरचेवर विचारलं जाणारं आणखी थोडं

“३ किलोवॅट म्हणता, पण ॲपवर अडीचच्या वर जातच नाही.” पॅनेलवर लिहिलेला आकडा सेल २५ अंशांवर असताना मोजलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात सेल ६५ अंशांपर्यंत तापतो, आणि दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज घटते. म्हणूनच आम्ही पॅनेल स्लॅबला चिकटवून न बसवता उंच स्ट्रक्चरवर बसवतो, खालून वारा खेळावा म्हणून. स्ट्रक्चरचा खर्च वाढतो, घासाघीस होते, पण यात आम्ही तडजोड करत नाही.

“लाईट गेली की सोलरही बंद पडतं.” पडायलाच हवं. खांबावर लाइनमन काम करत असताना तुमच्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. लाईट आल्यावर काही मिनिटांत सिस्टीम आपोआप सुरू होते. स्विच खालीवर करू नका.

“नेट मीटरवर इन्व्हर्टरपेक्षा कमी युनिट दिसतात.” नेट मीटर बाहेरून घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली वीज मोजतो, सोलरनं तयार केलेली सगळी नाही. दिवसा सोलरची जी वीज तुमच्याच पंख्याला, फ्रिजला, मोटरीला लागली ती तिथं दिसणार नाही.

“ॲप शून्य दाखवतंय.” आधी घरातला वायफाय बदलला का, पासवर्ड बदलला का, ते पाहा. इन्व्हर्टरचा दिवा हिरवा असेल तर वीज तयार होतेच आहे.

कुरडया-पापडांचं वाळवण, धुतलेल्या गोधड्या पॅनेलच्या चौकटीवर टाकू नका. नवी टाकी किंवा डिश अँटेना बसवण्याआधी सावली कुठे पडेल ते आम्हाला फोटो पाठवून विचारा, सांगायचे पैसे नाहीत.

नवीन ग्राहकांसाठी आम्ही आता गच्चीवर गोड्या पाण्याचा वेगळा छोटा नळ काढून देतो. जुन्या घरांनाही तो बसवता येतो, आणि त्यासोबत लांब दांडीचा मॉप व वायपर मिळतो. ज्यांच्या घरी वर चढणारं कुणी नाही, म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांच्यासाठी वर्षाला आठ धुण्यांचा करार आहे: पाणी आमचं, माणूस आमचा, वेळ पहाटेची. फेब्रुवारीच्या फेरीची नावं संक्रांतीपर्यंत घेतो.

तक्रारीचा फोन करताना मागच्या दोन आठवड्यांचे युनिट, शेवटचं धुणं कधी आणि कोणत्या पाण्यानं, आणि काचेचा जवळून काढलेला एक फोटो तयार ठेवा. वही लिहिलेली असेल तर आमचा माणूस येईल तेव्हा ती जिन्याजवळ काढून ठेवा, तो आधी तीच बघेल.