विमानाच्या टाकीतही काडीच टाकून पाहतात

आमच्या गावावरून गोंदियाजवळच्या बिरसी एअरपोर्टची ट्रेनिंगची छोटी विमानं दिवसभर जातात येतात. रोवणी चालू असली तरी बांधीतल्या बाया मान वर करून पाहतातच. परवा पुतण्याने विचारलं, काका, याचं पेट्रोल वरच संपलं तर?

प्रश्न साधा आहे पण उत्तर लय मोठं आहे, कारण इंजिन एकदम ठणठणीत असताना फक्त तेल संपून छोटी विमानं खाली येतात, अन् हे आजही होते.

आमच्या ट्रॅक्टरचा काटा पाव टाकी दाखवत होता अन् ट्रॅक्टर भर वावरात बंद पडला. लाइनमध्ये हवा गेली, ती काढता काढता दुपार झाली. तेव्हापासून बाबा धुऱ्यावरची तुराटी तोडून टाकीत बुडवतात, ओली किती झाली ते बोटाने मोजतात अन् म्हणतात, "काट्याचं ऐकू नको, काडी टाकून पाय."

विमानात अगदी हेच चालते. सेसना 172 या छोट्या विमानात पेट्रोल पंखात असते, टाकी पसरट अन् उथळ, त्यामुळे विमान जरा कलंडलं की तेल एका बाजूला जाते अन् आतला फ्लोट, म्हणजे काटा हलवणारा तरंगता गोळा, खोटं बोलतो. म्हणून उडायच्या आधी पायलट पंखापर्यंत चढून झाकण उघडतो अन् खुणा केलेली काडी बुडवतो. या विमानाच्या नव्या मॉडेलमध्ये साधारण 212 लिटर मावते पण कामाचं 200 लिटरच, बाकी तळाशी राहते, ते इंजिनपर्यंत पोचेलच याचा भरोसा नाही. काही विमानांत तर डावी टाकी रिकामी, उजवी भरलेली, अन् कॉक फिरवायचा राहिला म्हणून इंजिन बंद पडते.

पण काडीने मापलं तरी हिशोब चुकू शकतो. 1983 मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग 767 या मोठ्या प्रवासी विमानाचे तेलाचे काटे बंद होते म्हणून काडीनेच मापलं, माप बरोबर होतं, पण लिटरचं वजन काढताना किलोच्या जागी पौंडाचा (साधारण अर्धा किलो) आकडा धरला. लागत होतं 22,300 किलो, भरलं गेलं त्याच्या निम्म्याच्या आसपास. 41,000 फुटांवर असताना तेल संपत आलं अन् थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनचं विमान, उडवायची सवय होती, त्यांनी कॅनडातल्याच गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर विमान उतरवलं, सगळे वाचले.

छोट्या विमानात वाराही घात करतो. समजा 400 किलोमीटर जायचंय, विमानाचा स्पीड 200, म्हणजे दोन तास. समोरून 40 चा वारा लागला की जमिनीवरचा स्पीड 160 राहतो अन् अडीच तास लागतात. तासाला 35 लिटर धरलं तर साडेसतरा लिटर जास्तीचं गेलं. अमेरिकेत दिवसाच्या साध्या उड्डाणाला निदान 30 मिनिटांचं तेल शिल्लक ठेवायचा नियम आहे, ते सगळं एकट्या वाऱ्याने खाल्लं! म्हणून चांगला पायलट तेल लिटरमध्ये मोजतच नाही, घड्याळात मोजतो.

अन् तरीही संपलंच तर विमान दगडासारखं पडत नाही हे मी पुतण्याला आधी सांगितलं. सेसना उंचीच्या नऊपट पुढे जाते, म्हणजे हजार मीटरवरून नऊ किलोमीटर, हातात चार साडेचार मिनिटं. नाक थोडं खाली ठेवून 120 च्या आसपास स्पीड धरायचा. जीव घाबरतो अन् दूर जायला म्हणून पायलट नाक वर ओढतो, तिथेच पंखाची उचल तुटते अन् विमान कोसळते, तेल संपल्याने नाही तर या ओढण्याने माणसं जास्त मरतात असं मला वाटते.

मग उतरायचं कुठे? रोवणीच्या चिखलात चाक रुतून विमान उलटू शकते, धान कापल्यावर जमीन कडक असते पण जागोजागी धुरे आडवे. रोड दिसतो चांगला, पण बाजूने विजेच्या तारा. वरून तार दिसत नाही, पोल दिसतो, म्हणून पायलटला पोल शोधायला शिकवतात.

पुतण्या आता विमान आलं की आधी आमच्या वावरातले पोल मोजतो.