पिलाटेस आणि उच्चस्तरीय खेळाडू

पिलाटेस ही धडाचे खोलवरचे स्नायू, श्वास आणि हालचालीवरील ताबा यांवर भर देणारी व्यायामपद्धती असून, स्पर्धात्मक खेळांतील खेळाडू मुख्य सरावाला जोड म्हणून, तसेच दुखापतीनंतर पुन्हा मैदानावर उतरण्याच्या तयारीसाठी तिचा अवलंब करतात. तिचे जनक योझेफ पिलाटेस (१८८३–१९६७) यांचा जन्म जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख येथे झाला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी गांजलेल्या या मुलाने पुढे जिम्नॅस्टिक्स आणि मुष्टियुद्ध यांत शरीर कमावले. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये असल्यामुळे शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ते आयल ऑफ मॅनवरील छावणीत स्थानबद्ध होते. १९२६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पत्नी क्लारा यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कमध्ये व्यायामशाळा चालवली. आपल्या पद्धतीला ते ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. त्यांच्याकडे सर्वाधिक ओढा नर्तकांचा होता, आणि हे स्वाभाविकच होते. एकच हालचाल हजारो वेळा, तीही थकलेल्या शरीराने बिनचूक करण्याची नर्तकाची गरज खेळाडूच्या गरजेहून फारशी वेगळी नाही.

खेळाडूला होणारा लाभ समजून घेण्यासाठी पाठीच्या कण्याभोवतीच्या स्नायूंकडे पाहावे लागते. पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, कण्यालगतचे लहान स्नायू, श्वासपटल आणि ओटीपोटाचा तळ हे मिळून कण्याला आधार देतात. निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हा आडवा स्नायू हाताच्याही आधी आकुंचन पावतो, तर कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा जागा होतो, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. धावणे, फेकणे, फटका मारणे यांत पायांतून निर्माण झालेले बळ धडामार्गेच हातापर्यंत पोहोचते. धड सैल पडले, तर ते बळ वाटेतच वाया जाते आणि त्याचा भार कंबर, खांदा किंवा गुडघा यांवर येतो. उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्याला ताणामुळे तडा जातो तो बहुधा डाव्या बाजूला. एकाच बाजूने वर्षानुवर्षे चालणाऱ्या खेळाचा शरीरावर काय परिणाम होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पद्धतीचे मर्म ‘हंड्रेड’ या पायाभूत व्यायामात दिसते. उताणे झोपून डोके व खांदे उचलायचे, पाय सरळ ठेवून जमिनीपासून वर धरायचे आणि शरीरालगतचे ताठ हात लहान झोक्यांनी वरखाली हलवायचे. पाच झोक्यांत श्वास आत, पाच झोक्यांत बाहेर, अशी दहा आवर्तने. खांदा आकसणे, कंबर कमानीसारखी उचलली जाणे किंवा श्वास रोखला जाणे या खुणा दिसल्या, की ताबा सुटला असे समजावे. जड वजने लीलया उचलणारा खेळाडूही येथे पन्नास झोक्यांच्या आत थरथरू लागतो.

‘रिफॉर्मर’ या यंत्रावर स्प्रिंगांना जोडलेली गादी रुळांवर मागेपुढे सरकते. काही व्यायामांत स्प्रिंगा कमी केल्या की काम सोपे होण्याऐवजी अवघड होते, कारण यंत्राचा आधार घटतो आणि तोल धडालाच सांभाळावा लागतो. एका पायाने गादी ढकलताना कमरेचे हाड एका बाजूला झुकले, तर दोन्ही पायांतील तफावत तत्काळ उघडी पडते. दोन्ही पायांच्या बैठकांत बळकट पाय दुबळ्याचा भार उचलून ती लपवतो. स्प्रिंगेविरुद्ध हळूहळू परतताना स्नायू लांबत असतानाच बळ लावतो, आणि वेगाने धावणाऱ्याच्या मांडीमागच्या स्नायूला नेमक्या याच क्षमतेची गरज असते.

असे असले तरी पिलाटेसकडून अवास्तव अपेक्षा ठेवणे योग्य नाही. स्फोटक ताकद, वेग आणि दमसास यांसाठी वजनांचा व धावण्याचा सराव लागतोच. दीर्घकालीन कंबरदुखीवरील १० चाचण्यांचा ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०१५ मधील आढावा सांगतो, की अगदी जुजबी उपचारांपेक्षा पिलाटेस उपयुक्त ठरते, परंतु इतर व्यायामांहून ते सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. शिवाय हे निष्कर्ष सर्वसाधारण रुग्णांचे आहेत, अव्वल खेळाडूंचे नव्हेत.

व्यायामाची निवडही दुखापत पाहूनच करावी लागते. मणक्याला नुकताच तडा गेलेल्या गोलंदाजाला पालथे झोपून छाती वर उचलण्याचा ‘स्वान’ देत नाहीत, कारण पाठ मागे वाकवताना त्याच हाडावर ताण येतो; तडा भरून येईपर्यंत त्याचे काम कणा स्थिर ठेवून केवळ श्वास आणि हातपायांच्या लहान हालचाली यांपुरते राहते.