‘व्हेल माशाची उलटी’: ना उलटी, ना मासा

सांगलीपासून समुद्र घाटापलीकडे. तरी ‘व्हेल माशाची उलटी’ हे शब्द इथे पानटपरीवरही ऐकू येतात, कारण कोट्यवधींचं अंबरग्रीस (याच ‘उलटी’चं खरं नाव, ते अत्तरात वापरतात) पोलिसांनी पकडल्याची बातमी आपल्या शहरातूनही आली आहे. पण ‘व्हेल माशाची उलटी’ हे नावच चुकीचं आहे.

व्हेल मासा नाही. तो हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. अंबरग्रीस फक्त स्पर्म व्हेल आणि त्याच्या छोट्या भाईबंदांच्या पोटात तयार होतं. स्पर्म व्हेलचं मुख्य खाणं माकुळ, म्हणजे स्क्विड. माकुळाची चोच पोपटाच्या चोचीसारखी टणक, ती पचत नाही. बहुतेक चोची तो ओकून टाकतो. म्हणजे खरी उलटी ती! काही मात्र आतड्यात उतरतात, तिथे टोचतात, आणि त्यांच्याभोवती मेणासारखा थर साचत जातो. हा गोळा बहुधा विष्ठेवाटे बाहेर पडतो. ताजा असताना काळा, मऊ, शेणासारख्या वासाचा. वर्षानुवर्षं ऊन आणि खारं पाणी खाल्लं की करडा होतो, सुगंध धरतो. शेकड्यात एखाद्याच व्हेलमध्ये तो सापडतो असं मानतात.

‘किनाऱ्यावर सापडलं तर आपलंच’ हेही खोटं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार ते बाळगणं आणि विकणं, दोन्ही गुन्हे आहेत. सापडलं तर वन विभागाला कळवायचं. अत्तरासाठी कृत्रिम पर्याय केव्हाच आले आहेत. अरबी समुद्रातले व्हेल आधीच मासेमारीच्या जाळ्यांत अडकून आणि जहाजांना धडकून मरतात. त्यांच्या पोटातल्या गोळ्यावर आपण बोली लावू नये, एवढीच माझी कळकळ.