स्कायलँडर्स आणि अमीबो: फिगरच्या पोटात नेमकं काय असतं

लॅमिंग्टन रोडचं दुकान असो की सेकंडहँड माल विकणारा शेजारच्या बिल्डिंगमधला मुलगा, दोन्हीकडे एकच वाक्य ऐकू येतं: ‘चिपवालं खेळणं आहे, टेकवलं की गेममध्ये येतं.’ एवढ्यावर अमीबो आणि स्कायलँडर्स एकाच भावात, एकाच पिशवीतून विकले जातात. घरी पोरगं स्कायलँडरची फिगर निन्टेन्डोच्या ‘स्विच’ कन्सोलवरच्या मारिओच्या गेममध्ये टेकवतं, काहीच होत नाही, आणि ‘डुप्लिकेट निघालं’ म्हणून ती माळ्यावर जाते. फिगर अस्सल असते, धडधाकट असते. ती दुसऱ्या घराण्याची असते, इतकंच.

अमीबो बहुतेकांना माहीत आहे. निन्टेन्डोने 2014 मध्ये आणलेल्या या फिगर स्विचवर उजव्या जॉय-कॉनच्या (हातात धरायच्या कंट्रोलरच्या) स्टिकवर टेकवायच्या, डाव्या जॉय-कॉनवर कितीही घासल्या तरी उपयोग नाही. स्कायलँडर्स त्याआधीचे, 2011 चे, अ‍ॅक्टिव्हिजनचे. त्यांना बहुतेक कन्सोलवर यूएसबीने जोडलेलं, उजेड पडणारं ‘पोर्टल’ लागतं आणि खेळ चालू असेपर्यंत फिगर त्यावर उभी ठेवावी लागते. उचलली की पात्र पडद्यावरून गेलं. दोघांतही बॅटरी नसते, चिपला लागणारी वीज रीडर, म्हणजे चिप वाचणारं पोर्टल किंवा कंट्रोलरच, पुरवतो. तेव्हा ‘चार्ज करावं लागतं का’ हा प्रश्न कृपा करून आता थांबवू या. गेमसुद्धा फिगरच्या आत नसतो. तो डिस्कवर किंवा कन्सोलमध्येच असतो.

खरा घोळ पुढे आहे. खेळून कमावलेलं कुठे साठतं?

स्कायलँडरमध्ये ते फिगरमध्येच साठतं. चिपची जागा जेमतेम एक किलोबाइट, पण तेवढ्यात पात्राची लेव्हल, जमवलेलं सोनं, घेतलेल्या शक्ती, डोक्यावरची टोपी आणि मुलाने ठेवलेलं टोपणनाव सगळं मावतं. ही फिगर म्हणजे पासबुक आहे, प्रत्येक नोंद तिच्यातच होते. म्हणून ठाण्याच्या मावसभावाकडे प्लेस्टेशन असेल आणि तुमच्याकडे निन्टेन्डोचं जुनं कन्सोल ‘वी’ असेल, तरी फिगर खिशात टाकून न्या. तिकडे ती तुमच्याच लेव्हलवर, तुमच्याच टोपीसकट उभी राहते. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत आवडते ती हीच गोष्ट. अशी कल्पना पुन्हा कुणी इतक्या मनापासून राबवली नाही याचं वाईट वाटतं.

अमीबोमध्ये बहुतेक वेळा यातलं काहीच होत नाही. गेम फिगरवरचा क्रमांक वाचतो, ‘ही झेल्डा’ एवढं ओळखतो आणि बक्षीस देतो. झेल्डाच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेममध्ये एक अमीबो दिवसातून एकदाच चालतो, पण आज वापरला ही नोंद तुमच्या गेमच्या सेव्हमध्ये होते, फिगरमध्ये नाही. तोच अमीबो पाच मिनिटांनी मित्राच्या कन्सोलवर टेकवा, त्यालाही बक्षीस मिळेल. त्यामुळे ‘आधीच्या मालकाने सगळं वापरून संपवलंय’ ही भीती अमीबोच्या बाबतीत निराधार आहे.

अपवाद मोजके, पण ठळक. ‘स्मॅश ब्रदर्स’ हा निन्टेन्डोचा मारामारीचा गेम फिगरवर लिहितो. तिथे अमीबो लढून लढून 50 व्या लेव्हलपर्यंत शिकतो आणि ते शिक्षण फिगरमध्ये राहतं. पण तो तुमच्या हातात येत नाही, स्वतःच्या बुद्धीने लढणारा वेगळा खेळाडू म्हणून उतरतो. शिवाय एका फिगरवर एका वेळी एकाच गेमची नोंद बसते. दुसऱ्या लिहिणाऱ्या गेमसाठी पहिली पुसावी लागते, आणि ती परत येत नाही. मुलाने महिनाभर घडवलेला लढवय्या असा पुसला गेला की होणारी रडारड खरी असते, म्हणून रीसेटचं बटण दाबण्याआधी स्क्रीनवरचं वाक्य पूर्ण वाचा.

दोन पद्धती किती वेगळ्या, याचा पुरावा 2015 च्या ‘सुपरचार्जर्स’ या स्कायलँडर्स गेममधल्या बाउझर आणि डाँकी काँग या निन्टेन्डोच्या पात्रांच्या फिगर. त्यांची बैठक हाताने फिरवता येते: एका बाजूला वळवली की स्कायलँडर, दुसऱ्या बाजूला वळवली की अमीबो. एकाच चिपवर दोन्ही भागलं असतं तर ही फिरकी कुणी बनवली असती का? सेकंडहँड बाजारात यातली एखादी दिसली तर सोडू नका.

घ्यायचंच असेल तर माझं मत स्पष्ट आहे. घरात स्विच असेल तर अमीबो घ्या. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’पुरतं हवं असेल तर अमीबो कार्डं घ्या, जागा कमी आणि काम तेच. जुनं वी, पीएस3 किंवा एक्सबॉक्स 360 धूळ खात पडलं असेल तर स्कायलँडर्ससारखी मजा नाही. मालिकेचा शेवटचा कन्सोल गेम 2016 चा, त्यामुळे आता सगळं जुन्या बाजारातूनच. जुन्या फिगर नव्या गेममध्ये चालतात, नव्या फिगर जुन्या गेममध्ये नाहीत. म्हणून आधी गेम ठरवा, मग फिगर. वापरलेली फिगर आणलीत तर गेमच्या मेन्यूतून रीसेट करा, नाहीतर कुणा अनोळखी मुलाने ठेवलेलं नाव पडद्यावर झळकत राहील.

आणि विकणाऱ्याला पोर्टल कोणत्या कन्सोलचं आहे ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बहुतेक फिगर सगळ्या कन्सोलवर चालतात, पोर्टल तसं चालत नाही. एक्सबॉक्स 360 चं पोर्टल प्लेस्टेशनला लावलंत तर प्लेस्टेशन त्याला ओळखणारच नाही.