बर्फातले फोटो आणि एचडीआर : फाइल प्रिंटला देण्याआधी वाचा

थंडीचे दिवस संपत आले की आमच्याकडे बर्फातल्या निसर्गचित्रांच्या फाइल्स येऊ लागतात आणि त्यांच्यासोबत दोन तक्रारीही येतात. एक, "बर्फ राखेसारखा दिसतोय." दुसरी, "झाडांभोवती पांढरी कड कुठून आली?" प्रिंट नीट काढणं ही आमची जबाबदारी आहेच, पण हे दोन्ही दोष बहुतेक वेळा आमच्यापर्यंत पोचण्याआधीच फाइलमध्ये शिरलेले असतात.

राखेचं मूळ कॅमेऱ्याच्या मीटरमध्ये आहे. समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे, असं मीटर धरून चालतो. ताजा बर्फ मात्र अंगावर पडलेल्या उजेडापैकी ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो. मीटरला वाटतं, प्रकाश फार झाला, आणि तो फोटो काळवंडवून टाकतो. म्हणून बर्फाने फ्रेम भरली असेल तर एक्स्पोजर +१ ते +२ स्टॉप वाढवा (एक स्टॉप वाढवणं म्हणजे उजेड दुप्पट करणं) आणि ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या तीन फ्रेम्स काढणं, त्या वाढवलेल्या एक्स्पोजरच्या भोवती करा. मीटरने सांगितलेल्या आकड्याभोवती केलं, तर तीनपैकी दोन फ्रेम्स अंधाऱ्याच निघतात.

एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) म्हणजे उजळ भाग एका फ्रेममधून आणि सावलीचा भाग दुसऱ्या फ्रेममधून घेऊन केलेली जोडणी. ही युक्ती जुनीच आहे. फ्रान्सचा गुस्ताव्ह ल ग्रे १८५०च्या दशकात समुद्राची आणि आकाशाची वेगळी निगेटिव्ह घेऊन एकाच कागदावर छापायचा. आता तेच काम सॉफ्टवेअर करतं.

समजा, उन्हात चमकणारा उतार आहे आणि कडेला सावलीत सूचिपर्णी झाडं. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८. मधली फ्रेम १/५०० सेकंदाला, गडद १/२००० ला, उजळ १/१२५ ला, म्हणजे प्रत्येकी दोन स्टॉपचं अंतर. बदलायचा तो फक्त शटर. अ‍ॅपर्चर बदललात तर फोकसची खोली बदलते आणि फ्रेम्स एकमेकींवर नीट बसत नाहीत. फोकस मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्सही ऑटोवरून काढलेला. गडद फ्रेमच्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, उजवी (सर्वांत उजळ) भिंत मोकळी दिसली पाहिजे. तिथे बर्फ जळाला असेल, तर पुढे कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही. आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच काढा. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये जेमतेम २५६. बर्फाचा पोत या बारीक पायऱ्यांतच असतो.

ट्रायपॉडचे पाय भुसभुशीत बर्फात हळूहळू खचतात, तेव्हा आधी दाबून घट्ट बसवा. बटण हाताने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात ती लवकर मान टाकते. परत येताना कॅमेरा बाहेरच पिशवीत घालून तोंड बंद करा आणि मग घरात शिरा, नाहीतर उबेत त्यावर दव धरतं.

बर्फ पडत असेल तर एचडीआरच्या वाटेला जाऊ नका. एकच भुरभुरणारा कण तीन ठिकाणी उमटतो, वाऱ्याने हलणाऱ्या फांद्यांची भुतं दिसतात. सॉफ्टवेअरमधला डीघोस्टिंगचा (अशी भुतं पुसण्याचा) पर्याय थोडीफार मदत करतो, चमत्कार नाही. ढगाळ दिवशीही गरज नसते. उजेड-सावलीतला फरक कमी असतो, एकच रॉ फ्रेम पुरते. खरं सांगायचं तर आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या एचडीआर फाइल्स एका फ्रेममध्ये भागल्या असत्या, असं आम्हाला वाटतं.

आता जोडणीनंतरचं काम. सगळा घोळ इथेच होतो. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम्स जोडल्यावर डीएनजी (रॉसारखीच) फाइल मिळते. ती उघडली की हात आपोआप हायलाइट्सच्या स्लायडरकडे जातो, तो पार तळाला ओढला जातो आणि बर्फाची पुन्हा राख होते. हायलाइट्स थोडेच खाली घ्या. मग ऑल्ट किंवा ऑप्शन बटण दाबून धरून व्हाइट्स वर न्या. काळ्या पडद्यावर पहिले ठिपके उगवले की थांबा. उन्हात लखलखणारे चार-दोन कण जळाले तर जळू द्या, खऱ्या बर्फातही ते डोळे दिपवतातच.

पांढरी कड येते ती टोनमॅपिंग (उजळ-गडद भागांतला मोठा फरक दाबून एका फोटोत बसवणं) आणि क्लॅरिटी (कडा ठसठशीत करणारा स्लायडर) अती झाल्याने. डोंगराची धार किंवा झाडाचा शेंडा आकाशाला भिडतो ती जागा १०० टक्क्यांवर मोठी करून बघा. कडेला उजळ पट्टा दिसला तर क्लॅरिटी कमी करा. सावल्याही पूर्ण उघडू नका. झाडाखाली थोडा काळोख राहिला तर ऊन ऊन वाटतं.

बर्फावरची सावली निळी दिसते, कारण तिथे ऊन नसतं, फक्त निळ्या आकाशाचा उजेड असतो. तो निळा पुसून टाकू नका. फार भडक वाटला तर तेवढ्याच रंगाचं सॅच्युरेशन उतरवा. अख्ख्या फोटोला ऊब दिलीत तर बर्फ पिवळट होतो, आणि कागदावर तो मळका दिसतो.

फाइल देताना १६ बिट टिफ द्या आणि पेनड्राइव्हवर मूळ रॉ फ्रेम्सही आणा. जोडून झालेल्या जेपेगमधली कड आम्हाला काढता येत नाही, पण मूळ फ्रेम्स असल्या तर जोडणी नव्याने करता येते.