बुवांच्या आख्यानापासून ‘मी’च्या गोष्टीपर्यंत

स्वतःच्या आयुष्यातील खरी घटना, हाती कागद न घेता, अनोळखी श्रोत्यांपुढे सांगण्याच्या मैफलींना आजचे रूप न्यूयॉर्कमध्ये मिळाले. कादंबरीकार जॉर्ज डॉस ग्रीन यांनी तेथे १९९७ मध्ये ‘द मॉथ’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील स्पर्धेचे नियम मोजकेच आहेत: इच्छुकांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटे द्यायची आणि गुण श्रोत्यांतूनच निवडलेल्या परीक्षकांनी द्यायचे.

नागपूरकर श्रोत्याला एकट्या माणसाचे बोलणे तासन्‌तास ऐकण्याची सवय फार जुनी आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते, मग बुवांना हार घालून बुक्का लावतात आणि उत्तररंगात आख्यान सुरू होते. म्हणजे तात्पर्य आधी ठरलेले असते आणि गोष्ट त्याच्या सेवेला येते. विदर्भाच्याच मातीतल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) श्रोत्यांना उलट प्रश्न विचारून ही चौकट सैल केली, तरी बोलण्याचा रोख उपदेशाचाच राहिला. पुढे कथाकथनाने उपदेश बाजूला सारला, पण तेथे सादर होई ती लेखकाने आधी लिहून ठेवलेली कथा.

माझ्या मते या मैफलींचे खरे मराठी नाते कथाकथनापेक्षा आंबेडकरी जलशांशी, म्हणजे आंबेडकरी चळवळीतल्या शाहिरांच्या गाण्या-नाट्याच्या कार्यक्रमांशी, अधिक जवळचे आहे. जलशांनी पुराणातल्या राजाऐवजी वस्तीतल्या माणसाचे जगणे मंचावर आणले आणि ‘आम्ही’ म्हणून बोलण्याचा अधिकार घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपुरात त्या शाहिरीला दीक्षाभूमीसारखे हक्काचे ठिकाण मिळाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दलित आत्मकथनांनी त्या ‘आम्ही’तून ‘मी’ वेगळा काढला, आणि सामान्य माणसाचे खासगी दुःख सार्वजनिकरीत्या सांगण्याजोगे असते, हे मराठी वाचकाने एकदाचे मान्य केले.

कानाची सवय रेडिओने लावली. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. मात्र तेथे कोण बोलणार आणि किती वेळ, हे केंद्र ठरवीत असे. पॉडकास्टने ती परवानगीच अनावश्यक केली. ‘द मॉथ’चा पॉडकास्ट २००८ मध्ये आला, आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, तेव्हा बसमध्ये किंवा स्वयंपाक करताना अशा गोष्टी ऐकणे सहज शक्य झाले.

तरीही प्रत्यक्ष मैफलीची ओढ कमी होत नाही, कारण तेथे सांगणारा अडखळतो, एखादे नाव विसरतो, आणि सभागृह त्याच्यासाठी थांबते. नागपुरात त्यात आणखी एक जोखीम असते. महाल किंवा धरमपेठेतल्या माणसाने घरातले भांडण सांगायला घेतले, तर तिसऱ्या रांगेत त्याच्या मावशीची शेजारीण बसलेली असू शकते. म्हणून घरच्यांविषयीच्या गोष्टी पॉडकास्टवर अधिक मोकळेपणाने सांगितल्या जातात, तर मैफलीत बहुधा शाळा, नोकरी आणि फजितीचे किस्से रंगतात.