राइट ऑफ द बॅट

अगदी सुरुवातीलाच, क्षणही न दवडता, अशा अर्थाचा इंग्रजीतील अनौपचारिक वाक्प्रचार. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तो बेसबॉलच्या मैदानावरून बोलीत आला. सोलापुरात तो शिकवताना मात्र अडचण येते; हे कसोटी क्रिकेटपटू पॉली उम्रीगर यांचे जन्मगाव. इथे बॅट म्हटले की क्रिकेटचीच डोळ्यांपुढे येते आणि त्यामुळे वाक्प्रचारातली निकड हातून निसटते. क्रिकेटमध्ये चेंडू टोलवल्यावरही फलंदाज धाव न घेता जागेवर उभा राहू शकतो. बेसबॉलमध्ये चेंडू वैध हद्दीत गेला की त्याला पहिल्या बेसकडे, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्याकडे, पळावेच लागते.

मात्र या वाक्प्रचारात वेगापेक्षा आरंभ महत्त्वाचा. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात एखादी बाई पायरी चढताच, काही पाहण्याआधी, चादरीचा भाव विचारते. तेव्हा ‘शी आस्क्ड द प्राइस राइट ऑफ द बॅट’ हे वाक्य चपखल बसते. ‘ताबडतोब पैसे भर’ अशा हुकमात मात्र तो घालू नये. तिथे ‘राइट अवे’ किंवा ‘अ‍ॅट वन्स’ हवे. अर्जात आणि कचेरीच्या पत्रातही तो टाळलेला बरा.

मराठीत ही तत्परता बहुधा क्रियापदातच सामावते: आल्याआल्या, बघताक्षणी, ऐकताच. ‘मुलाखतीत त्याने राइट ऑफ द बॅट पगार विचारला’ याचे सरळ मराठी ‘बसताक्षणीच पगार विचारला’ असे होते. सोलापूरच्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलेही असतात. त्यांना ‘वेंटने’, ‘कूडले’, ‘फौरन’ हे शब्द सुचतात. त्यांतून ‘ताबडतोब’ कळते, ‘सुरुवातीलाच’ हा अर्धा अर्थ राहून जातो. म्हणून प्रतिशब्द पाठ करून घेण्याऐवजी शिक्षकांनी प्रसंग सांगावा, हे अधिक उपयोगाचे.

‘राइट ऑफ द रील’ हा न थांबता, लगोलग अशा अर्थाचा याचा जुना भाऊबंद आता मागे पडला आहे. त्यात रिळावरून न अडता सुटत जाणाऱ्या दोऱ्याचे चित्र आहे. यंत्रमागासाठी दोऱ्याच्या कांड्या भरणाऱ्या घरांतल्या मुलांना ते बेसबॉलच्या टोल्यापेक्षा सोपे जाते.